पांढरी पाटी, पिवळी पाटी : प्रवासी गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रवासी गाड्यांच्या परवान्यांबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. पेणपासून बांद्यापर्यंतची पत्रं आली. बऱ्याच पत्रांत एकच गोंधळ दिसतो. चालकाचं लायसन्स, गाडीचं पासिंग (म्हणजे परिवहन कार्यालयाची तपासणी) आणि धंद्याचं परमिट हे तीन वेगवेगळे कागद आहेत आणि विमा या तिघांवर उभा असतो, हे कुणी नीट समजावून सांगतच नाही. एजंट कागद करून देतो. ते एकमेकांशी जुळतात की नाही हे बघणं मालकाच्याच गळ्यात असतं. म्हणून काही उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : मालवणजवळ आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून किंवा चिपी विमानतळावरून आणायला घरचीच सात आसनी गाडी वापरतो. पाटी पांढरी, म्हणजे खासगी गाडीची आहे. भाडं असं घेत नाही, डिझेलपुरते पैसे घेतो. मध्यंतरी परिवहन विभागाच्या वायुवेग पथकाने गाडी अडवली आणि समज देऊन सोडलं. आमचं खरंच चुकतंय का?
— होमस्टे चालक, मालवण तालुका

उत्तर : हो, चुकतंय. समज मिळून सुटलात, पण पुढच्या वेळी तसंच होईल असं धरून चालू नका. पैसे ‘डिझेलचे’ म्हणून घेतले काय किंवा खोलीच्या बिलात मिसळून घेतले काय, प्रवाशाकडून मोबदला घेऊन गाडी चालवली की ती प्रवासी वाहतूक झाली आणि तिला परमिट लागतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ मध्ये ही अट आहे. परमिट नसताना वाहतूक केली तर कलम १९२-अ लागतं : पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. शिवाय कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते. ऐन मे महिन्यात पाहुणे फलाटावर आणि गाडी आवारात जमा, असा प्रसंग ओढवू शकतो.

पण दंडापेक्षा विम्याची काळजी करा. खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा एक मजकूर असतो. तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की भाड्याने किंवा मोबदला घेऊन प्रवासी नेण्यासाठी ही पॉलिसी नाही. कसालच्या वळणावर अपघात झाला आणि पाहुण्याने पोलिसांना ‘आम्ही पाचशे रुपये दिले होते’ एवढं एक वाक्य सांगितलं, तरी विमा कंपनीला हात वर करायला ते पुरतं. गाडीचं नुकसान तर मिळत नाहीच. जखमींच्या भरपाईचं म्हणाल, तर न्यायाधिकरण कधी कधी कंपनीला आधी पैसे भरायला लावतं आणि तेच पैसे नंतर मालकाकडून वसूल करायला मुभा देतं. एका मृत्यूच्या दाव्यात घर आणि कलमांची बाग दोन्ही पणाला लागू शकतात. म्हणूनच ‘एवढं कोण बघतंय’ या उत्तराची आम्हांला धास्ती वाटते.

आता तुमच्या गाडीचं. ती चालकासह सात आसनी आहे, म्हणजे प्रवासी सहा. कायद्याच्या भाषेत चालक सोडून सहापर्यंत प्रवासी नेणारी ती मोटार कॅब, सात ते बारा नेणारी मॅक्सी कॅब. तुमची मोटार कॅबमध्ये बसते, ही चांगली गोष्ट. चालकासह आठ आसनी गाडी असती तर आणखी एक पेच आला असता : अशी मोठी गाडी मालकाने स्वतःच्या धंद्यासाठी, अगदी एक पैसाही न घेता, नेहमी माणसं ने-आण करायला वापरली तरी ती ‘खासगी सेवा वाहन’ ठरते आणि तिला त्या नावाचं वेगळं परमिट लागतं. फुकट पिक-अप देणाऱ्या बऱ्याच रिसॉर्टवाल्यांना हे ठाऊकच नसतं.

रस्ते दोन आहेत. पाहुणे वर्षाकाठी मोजकेच येत असतील तर गावातल्या पिवळ्या पाटीच्या, म्हणजे टॅक्सी म्हणून नोंदलेल्या गाडीशी ठरवून टाका. पाहुण्याने पैसे थेट त्या चालकाला द्यावेत. नेहमीचंच काम असेल तर गाडी टॅक्सीत बदलून घ्या.

बदलताना क्रम महत्त्वाचा. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं ना-हरकत पत्र, कारण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, बोजा असताना त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मग परिवहन विभागाच्या ‘वाहन’ पोर्टलवर वर्ग बदलण्याचा अर्ज आणि कराचा फरक. त्यानंतर तपासणी, म्हणजे पासिंग. पासिंगला जाण्याआधी गाडीत ताशी ८० किलोमीटरवर बांधलेला वेगनियंत्रक, स्थानदर्शक यंत्र आणि प्रवाशांसाठी धोक्याचं बटण, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी आणि पिवळी सुरक्षा नंबरपाटी या गोष्टी लागतात. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक टॅक्सीला चालत नाही, तेही काढून घ्या. वेगनियंत्रक तुमच्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त मिळतो का, हे कर भरण्याच्या आधी विचारा. पैसे भरून झाल्यावर यंत्रच मिळत नाही असं कळलं तर गाडी ना इकडची ना तिकडची होते.

पासिंग झालं की परमिटचा अर्ज. आणि ज्या दिवशी आरसीवर वर्ग बदलला त्याच दिवशी विमा कंपनीला कळवून पॉलिसी टॅक्सीची करून घ्या. इथेच लोक घसरतात : पाटी पिवळी होते, परमिट येतं, पण जुनी खासगी पॉलिसी ‘अजून सात महिने आहे ना’ म्हणून तशीच ठेवतात. त्या सात महिन्यांत तुमच्याकडे सगळे कागद असतात आणि विमा मात्र नसल्यात जमा.

प्रश्न : माझं वय २१. मोटारीचं लायसन्स काढून दीड वर्ष झालं. गुहागरात एका मालकाकडे टूरिस्ट गाडीवर लागायचं आहे. एक जण म्हणतो, आता कमर्शिअल लायसन्स लागतच नाही. दुसरा म्हणतो, बॅजशिवाय हात लावू नको. खरं कोणाचं?
— एक तरुण वाचक, शृंगारतळी

उत्तर : दोघांचंही. हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असणाऱ्याला साडेसात हजार किलोपर्यंतचं प्रवासी किंवा मालवाहू वाहन चालवायला लायसन्सवर वेगळी ‘ट्रान्सपोर्ट’ नोंद लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला होता. विमा कंपन्यांनी तो प्रश्न पुन्हा उकरला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तीच भूमिका कायम केली. त्यामुळे तुमच्या साध्या लायसन्सवर टॅक्सी चालवताना अपघात झाला, तर फक्त ती नोंद नाही एवढ्या कारणावर कंपनीला दावा झटकता येणार नाही.

बॅजची गोष्ट वेगळी. लायसन्स सांगतं की तुम्हांला गाडी चालवता येते. प्रवासी वाहनाच्या चालकाला राज्याच्या नियमांप्रमाणे मिळणारा बॅज सांगतो की अनोळखी माणसांना, रात्री-अपरात्री, तुमच्या भरवशावर गाडीत बसवायला हरकत नाही. म्हणून त्यासाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी होते. अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर करायचा. सोबत लायसन्स, रहिवासाचा पुरावा, चारित्र्य दाखला आणि नमुना १-अ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र. पडताळणीत सगळ्यांत जास्त वेळ जातो तो पत्त्यामुळे. आधारवर मुंबईचा पत्ता, लायसन्सवर गावचा आणि राहणं तिसरीकडे असं असेल तर कागद दोन पोलीस ठाण्यांमध्ये फिरत राहतो. आधी पत्ते एक करा, मग अर्ज करा. वयाची अडचण तुम्हांला नाही. प्रवासी वाहनासाठी किमान वय २० आहे.

ज्यांच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्टची नोंद आधीपासून आहे त्यांच्यासाठी एक इशारा. कार्डावर मुदतीच्या दोन तारखा असतात, खासगीची लांबची आणि ट्रान्सपोर्टची पाच वर्षांची. लोक लांबची तारीख बघून निर्धास्त राहतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवस सवलतीचे मिळत, ते २०१९ च्या दुरुस्तीने गेले. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. निकाल तुमच्या बाजूने असला तरी नाक्यावर उभं राहून तो समजावत बसण्यापेक्षा तारीख सांभाळणं सोपं.

प्रश्न : सहा वर्षांच्या टॅक्सीचं पासिंग यंदा दोनदा नाकारलं. इंजिन उत्तम आहे, सर्व्हिसिंग वेळेवर होतं. गाडी जयगड आणि गणपतीपुळे भागात फिरते. नेमकं काय बघतात?
— टॅक्सीमालक, रत्नागिरी

उत्तर : इंजिनावर पासिंग क्वचितच अडतं. अडतं ते खालच्या पत्र्यावर, ब्रेकवर, दिव्यांवर आणि कागदांवर. किनाऱ्यावरच्या गाडीला खारा वारा आणि चार महिने पाऊस यांचा मार बसतो. त्यातून जयगड–तवसाळसारख्या फेरीबोटीत चढउतार करणाऱ्या गाडीच्या पोटाला खाडीचं पाणीही लागतं. वरून गाडी चकचकीत, आणि खाली सायलेन्सरच्या पट्ट्या, ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, दाराखालचा पत्रा हे सगळं गंजलेलं, असं चित्र कायम दिसतं.

जाण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून टॉर्चने बघा. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर नखाने खरवडून पापुद्रे निघत असतील तर नळी बदला, रंग मारून चालणार नाही. रंगाखालचा गंज पहिल्या जोरदार दाबाला फुटतो, आणि तो दाब परशुराम घाटात किंवा आंबा घाटात उतरताना पडतो. हँडब्रेक भरल्या गाडीने उतारावर तपासा. सपाटीवर तो नेहमीच चांगला वाटतो. केबल गंजून नळीत अडकली की दांडा वर येतो, पण मागची चाकं एकसारखी धरत नाहीत.

हेडलाइटच्या आत बाष्प धरलं असेल तर झोत पसरतो आणि तिथेच नाकारतात. काच उन्हात वाळवून उपयोग नाही, मागचं रबरी झाकण आणि हवेची नळी बदलावी लागते. नंबरपाटीवरचा छोटा दिवा, रिव्हर्सचा दिवा, चारही इंडिकेटर एकत्र लुकलुकणं, हे घरीच एकाला मागे उभं करून बघा. परावर्तक पट्टी पुढे पांढरी, मागे लाल. तिच्या कडा सुटल्या असतील तर नवी लावा. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. नक्षीच्या खाचेत तळाशी बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला समजा. स्टेपनी आणि जॅकही बघतात. मागच्या सीटचे पट्टे कव्हरखाली दडपलेले असतील तर वर काढून ठेवा.

आता कागद आणि यंत्रं. स्थानदर्शक यंत्र गाडीत बसवलेलं असतं, पण त्याच्या सिमची वर्गणी संपलेली असते. गाडीत दिवा लुकलुकतो, पोर्टलवर मात्र गाडी दिसत नाही. दोनदा परत पाठवलेल्या गाड्यांत हे कारण हमखास निघतं. विक्रेत्याकडून वर्गणी भरून घ्या आणि यंत्र चालू असल्याचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यातलं न्या. गाडी सीएनजीवर असेल तर टाकीची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी लागते, तारीख टाकीवर कोरलेली असते. धुराचं प्रमाणपत्र, विमा, कर चालू हवेत. थकलेली चलनं भरून टाका, त्यांच्यापायी अर्ज अडकतो.

प्रवासी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांसाठी मिळतं, त्यापुढे दर वर्षी. तुमच्या गाडीला अजून दोन वर्षांचा कागद मिळेल. आमचा सल्ला : मुदत पावसाळ्यात संपत असेल तर मे महिन्यातच उरकून घ्या. श्रावणात पासिंग अडलं की गणपतीचा सगळा हंगाम जातो.

प्रश्न : माझ्या यजमानांचं दोन महिन्यांपूर्वी निधन झालं. टॅक्सी आणि परमिट त्यांच्या नावावर आहे. गाडीचे हप्ते चालू आहेत. दीर म्हणतात चालक ठेवून गाडी चालू ठेवू. तसं करता येतं का?
— एक भगिनी, दापोली तालुका

उत्तर : ताई, करता येतं, पण तारखा हातातून सुटू देऊ नका. परमिटधारक गेल्यावर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याला तीन महिने तेच परमिट वापरता येतं. अट अशी की मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत परिवहन प्राधिकरणाला मृत्यूची आणि परमिट वापरण्याच्या इराद्याची खबर द्यायची. कायद्याचं कलम ८२ तसं सांगतं. तुम्ही तीस दिवसांत पत्र दिलं असेल तर त्याची पोच शोधून ठेवा. दिलं नसेल तर आजच गाडी बंद ठेवा आणि थेट परमिट हस्तांतराचा अर्ज करा. त्या अर्जाची मुदतही मृत्यूपासून तीन महिन्यांची आहे, म्हणजे तुमच्याकडे साधारण महिना उरला आहे. उशिराचं योग्य कारण दिलं तर मुदतीनंतरचा अर्जही प्राधिकरण विचारात घेऊ शकतं, पण त्याच्यावर विसंबून राहू नका.

अर्ज दोन आहेत हे लक्षात ठेवा. आरसीवर तुमचं नाव लावायला नमुना ३१, आणि परमिटसाठी वेगळा. आरसी झाली म्हणजे परमिट आपोआप झालं असं समजून बरेच जण थांबतात आणि पुढच्या तपासणीत अडकतात. सोबत मृत्यू दाखला, वारस असल्याचा पुरावा, बाकीच्या वारसांची संमती आणि बँकेचं पत्र लागेल. सासूबाई हयात असतील तर त्याही वारस आहेत, त्यांची सही विसरू नका. विमा कंपनीलाही लेखी कळवा. आणि बँकेत जाऊन एक चौकशी जरूर करा : कर्जाबरोबर कर्जसुरक्षा विमा काढलेला होता का? गाडीच्या कर्जाला तो बऱ्याचदा जोडलेला असतो, घरच्यांना त्याचा पत्ता नसतो आणि हप्ते विनाकारण भरले जातात.

परमिट तुमच्या नावावर होण्यासाठी तुम्हांला गाडी चालवता आली पाहिजे असं नाही. चालकाकडे चालू लायसन्स आणि बॅज आहे की नाही, हे मूळ कागद पाहून खात्री करा आणि त्याच्या प्रती स्वतःकडे ठेवा. गाडी दिरांच्या देखरेखीखाली चालली तरी कागद तुमच्या नावावरच होऊ द्या. घरातल्या विश्वासाला त्याने बाधा येत नाही आणि उद्या मुलांच्या हक्काचं काहीतरी राहतं.

प्रश्न : सावंतवाडीहून मोपा विमानतळाची आणि गोव्याची भाडी भरपूर मिळतात. गाडी एमएच ०७, परमिट राज्यापुरतं. गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला अडवतील का?
— टॅक्सीचालक, सावंतवाडी

उत्तर : अडवले तर त्यांचं चुकणार नाही. राज्यापुरतं परमिट बांद्याच्या पुढे चालत नाही. क्वचित जाणं असेल तर त्या फेरीपुरतं तात्पुरतं किंवा विशेष परमिट ऑनलाइन काढता येतं, त्यासोबत गोव्याचा कर भरावा लागतो. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या असतील तर अखिल भारतीय पर्यटक परमिट घ्या. २०२३ च्या नियमांप्रमाणे त्याचा अर्ज ऑनलाइन होतो आणि शुल्क एकदाच भरलं की प्रत्येक राज्याच्या हद्दीवर वेगळा कर द्यावा लागत नाही.

या परमिटची शिस्त मात्र पाळा. प्रवासी आधी ठरलेले हवेत आणि त्यांची यादी गाडीत हवी, कागदावर किंवा फोनवर. एका कुटुंबाला मोपाला सोडून परतताना म्हापशाच्या नाक्यावर हात दाखवणारे चौघे बसवले तर ते या परमिटमध्ये बसत नाही. तिथल्या स्थानिक टॅक्सीवाल्यांशी वाद होतात ते बहुतेक याच गोष्टीवरून, आणि त्यात कायदा तुमच्या बाजूने नसतो. रिकामं परतायचं नसेल तर विमानतळावरून सावंतवाडी-कुडाळकडे येणारं भाडं आदल्या दिवशीच ठरवून, नाव आणि वेळ लिहून ठेवा.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेने रिक्षा-टॅक्सी स्टँडला जागा दिली, दर महिन्याला पावती फाडतात. नवीन गाडीवाल्याला ‘नगरपरिषदेचा परवाना आण’ म्हणून स्टँडवर उभं राहू देत नाहीत. असा परवाना असतो का?
— वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : नाही. आपल्याकडे चालकाला किंवा टॅक्सीला परवाना देण्याचा अधिकार नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे नाही. लायसन्स आणि पासिंग परिवहन कार्यालय करतं. परमिट देणं आणि भाडं ठरवणं प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाच्या हातात असतं, ज्याचे अध्यक्ष जिल्ह्यात जिल्हाधिकारी असतात. प्रवासी गाड्यांनी कुठे थांबायचं ती ठिकाणं कलम ११७ खाली ठरतात आणि ती ठरवताना स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करावी लागते. नगरपरिषदेचा संबंध आहे तो इथपर्यंत. महिन्याची पावती ही जागेची पावती, ते परमिट नव्हे. स्टँड मंजूर असेल तर परमिटधारक नव्या गाडीला तिथे नंबर लावू न देण्याचा अधिकार संघटनेलाही नाही. मंजूर स्टँडची यादी आणि गाड्यांची क्षमता परिवहन कार्यालयातून माहिती अधिकारात मागवा. भांडणापेक्षा तो कागद लवकर काम करतो. रेल्वे स्टेशनच्या आवाराचं मात्र वेगळं, ती जागा रेल्वेची असते.

त्याच पत्रात शेअर भाड्याचं विचारलं आहे. मोटार कॅबमध्ये प्रत्येक प्रवाशाकडून वेगळे पैसे घेतले म्हणून ती बेकायदा होत नाही. पण वाटेत थांबत, माणसं चढवत-उतरवत वडाप करणं हे एसटीसारखं टप्पा वाहतुकीचं काम झालं आणि त्याला हे परमिट पुरत नाही. भाड्याचा दरही तुमच्या जिल्ह्याच्या प्राधिकरणाने ठरवलेलाच. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत काळी-पिवळीचं किमान भाडं ३१ रुपये झालं, म्हणून तोच आकडा किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यात लागू होतो असं नाही.

प्रश्न : पुतण्या इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला गेलाय. तिथे टॅक्सीचा परवाना म्हणे नगरपालिकाच देते. इथला बारा वर्षांचा बॅज तिकडे उपयोगी पडेल का?
— वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर : बॅज उपयोगी पडणार नाही, पण ऐकलंय ते खरं आहे. इंग्लंडमध्ये लंडनबाहेर हा अधिकार स्थानिक कौन्सिलचा आहे. प्रकार दोन : रस्त्यावर हात दाखवून थांबवता येणारी हॅकनी कॅरेज, आणि फक्त आगाऊ बुकिंगवर चालणारी प्रायव्हेट हायर गाडी. दुसऱ्या प्रकारात चालक, गाडी आणि बुकिंग घेणारा ऑपरेटर असे तीन परवाने लागतात आणि तिन्ही एकाच कौन्सिलचे असावे लागतात. लोक चुकतात ते इथे : चालकाचा परवाना एका गावचा आणि गाडी दुसऱ्या गावची, हे चालत नाही.

भारतीय लायसन्सवर तिथे राहायला गेल्यावर बारा महिनेच गाडी चालवता येते आणि ते बदलूनही मिळत नाही. चाचणी देऊन तिथलं काढावं लागतं. टॅक्सीच्या अर्जाआधी किमान बारा महिने पूर्ण लायसन्स हाताशी असावं लागतं. त्यात सगळ्यांत सखोल प्रकारची गुन्हे-नोंद तपासणी, वैद्यकीय, कौन्सिलची चाचणी आणि काम करण्याच्या हक्काचा पुरावा. अठरा वर्षांनंतर सलग तीन महिने किंवा जास्त देशाबाहेर राहिलेल्याकडून त्या देशाचा चारित्र्य दाखला मागतात, म्हणून भारतीय पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र लागेल. एका कौन्सिलने नाकारलेला अर्ज राष्ट्रीय नोंदवहीत चढतो आणि दुसरी कौन्सिल तो बघतेच, तेव्हा अर्धवट कागदांवर घाईने अर्ज करू नये. आणि पुतण्या विद्यार्थी व्हिसावर असेल तर हा विषय तूर्त बाजूला ठेवा. तिथले बहुतेक टॅक्सीचालक स्वयंरोजगारात मोडतात आणि विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे. त्यापायी व्हिसा धोक्यात येईल.

प्रश्न : तारकर्लीला पर्यटकांना भाड्याने द्यायला दोन स्कूटर घ्यायच्या आहेत. काय लागेल?
— वाचक, मालवण

उत्तर : दोनवर परवाना मिळणार नाही. दुचाकी भाड्याने देण्याची केंद्राची योजना १९९७ ची आहे आणि तिच्यात किमान पाच दुचाकी असाव्या लागतात. मोटारी स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या १९८९ च्या योजनेत तर किमान पन्नास. गाड्या भाडेवर्गातच नोंदवायच्या, पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. उभ्या करायला पुरेशी जागा आणि कार्यालय दाखवावं लागतं. घरची पांढऱ्या पाटीची स्कूटर ‘मित्राला दिली’ म्हणून भाड्याने देण्याचा प्रकार किनाऱ्यावर सर्रास चालतो. देवबागच्या वाळूवर घसरून एखादा पर्यटक जखमी झाला तर विमा मिळत नाही, हे वर सांगितलंच आहे. त्यातून त्या पर्यटकाकडे लायसन्सच नसेल तर गुन्हा मालकावरही दाखल होतो. जवळच्या दोघा-तिघांनी मिळून पाच गाड्यांचा एक रीतसर धंदा उभा केला तर ते जमण्यासारखं आहे.

प्रश्न : इलेक्ट्रिक टॅक्सीला परमिट लागत नाही, हे खरं का? आणि कागद फोनवर दाखवले तर चालतात का?
— वाचक, चिपळूण

उत्तर : दोन्ही खरं. बॅटरीवर चालणाऱ्या प्रवासी वाहनांना केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये परमिटमधून सूट दिली. सूट फक्त परमिटची आहे : पासिंग, टॅक्सीचा विमा, चालकाचं लायसन्स आणि बॅज हे सगळं लागतंच. पाटी हिरवी, त्यावर पिवळी अक्षरं. पांढरी अक्षरं असली तर ती खासगी गाडी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधले कागद मूळ कागदांइतकेच ग्राह्य आहेत, फोनमध्ये काढून ठेवलेला साधा फोटो नाही. कुंभार्ली घाटात रेंज जाते, म्हणून निघण्याआधी ॲपमध्ये कागद उघडून ठेवा आणि परमिट व पासिंगची छापील प्रत गाडीत असू द्या.